पंपात पाणी कुणी घातलं

सामाईक ट्रॅक्टर भर खळ्यात बंद पडला, तर तुमची नजर आधी कुठे जाते? इंजिनाकडे की ड्रायव्हरकडे? उत्तर मोठ्यानं देऊ नका. मनातल्या मनात द्या, म्हणजे खरं द्याल.

आमच्याकडे ती ड्रायव्हरकडे गेली. सगळ्यांची गेली. माझी तर सगळ्यांच्या आधी.

मी शहापूरची. आमच्या घरात पुस्तकं नंतर आली, पत्रकं आधी. वडील शेतमजुरांच्या एका संघटनेचं काम करायचे आणि छापून आलेले गठ्ठे आमच्याच घरी पडायचे. 'जाहीर निषेध' हे शब्द मला 'कमळ' आणि 'बदक' यांच्या आधी वाचता आले. पत्रकाची एक सवय असते. दोषी कोण, हे ते पहिल्या चार ओळींत सांगून मोकळं होतं. ती सवय माझ्या डोळ्यांना लागली. काही बिघडलं की मी बिघाड शोधत नाही, माणूस शोधते. याची मला फारशी लाजही वाटत नाही. धरणं आमच्या डोंगरांत आणि उन्हाळ्यात टँकर आमच्याच पाड्यांवर, हे काही आभाळानं केलेलं नाही.

वडील आता थकले आहेत. पण शहापूरहून मुरबाडकडे जाणारा रस्ता सोडून आत वळल्यावर जो पाडा लागतो, त्याच्याशी आमचं जाणं-येणं राहिलं. तिथे बायकांचा बचत गट आहे. बँकेत किंवा तालुक्याच्या कचेरीत सोबत लागली की त्या मला बोलावतात. या गटानं एक जुना ट्रॅक्टर घेतला आणि त्याला जोडायचं मळणीयंत्रही.

त्याआधी पाड्याचं भात मळायला शेजारच्या गावातल्या शेठचा ट्रॅक्टर यायचा. यायचा म्हणजे सगळ्यांचं उरकल्यावर. खळ्यात भारे रचून बायका वाट बघायच्या आणि शेठचा ट्रॅक्टर कुणा मेव्हण्याच्या खळ्यात फिरत असायचा. स्वतःचा ट्रॅक्टर आल्यावर शेठ हसून म्हणाला होता, "छान झालं. आता बिघडला की बोलवा मला." ते हसणं मी विसरलेले नाही.

ड्रायव्हर पाड्यातलाच. बायको गटाची सभासद. आधी हे दोघं दरवर्षी दिवाळी झाली की पोरांना घेऊन भिवंडीकडे वीटभट्टीवर जायचे आणि पावसाच्या तोंडावर परत यायचे. भट्टीवर माणसं मोजत नाहीत, जोड्या मोजतात. नवरा-बायको मिळून एक जोडी. ट्रॅक्टर आल्यापासून ही जोडी गेली नव्हती. त्यांची मुलगी पहिल्यांदाच शाळेत वर्षभर एकाच बाकावर बसली होती. ट्रॅक्टरची सीट गेली तर काय काय जाणार, हे पाड्यात सगळ्यांना माहीत होतं. तरीही बोट दाखवताना कुणाचा हात अडला नाही.

त्याला कारण होतं. गणपतीनंतर बाजारात कुजबुज सुरू झाली होती, की हायवेच्या ढाब्यांवर ड्रायव्हर डिझेल विकतात. कुठले ड्रायव्हर, कुणाचं डिझेल, कुणी सांगत नव्हतं. आमचा ड्रायव्हर तर हायवेला महिन्यातून एखादेवेळी जायचा. पण गटानं नियम केला, की ड्रायव्हरनं डिझेलला हात लावायचा नाही. दोन बायकांनी जीपनं जाऊन कॅन भरून आणायचा, अध्यक्षबाईंच्या घरात कुलपात ठेवायचा आणि टाकीत बायकांनीच ओतायचं. पेट्रोल पंपावरच्या मालाचाही भरवसा नव्हता, म्हणून डिझेल गाळून भरायचं हेही ठरलं. नियम मीच सभेत वाचून दाखवला होता, आवाज चढवून. माल सगळ्यांचा तर पहाराही सगळ्यांचा. आमच्या घरातल्या पत्रकांच्या तोंडी शोभेल असं वाक्य होतं ते. सगळ्यांनी मान डोलावली. "कॅन मना द्या," एवढं म्हणून ड्रायव्हरनंही डोलावली. तो दुसरं काय करणार होता?

मग मळणी सुरू झाली आणि तिसऱ्या की चौथ्या खळ्यात इंजिनाचा आवाज बसला. आधी धाप लागल्यासारखा झाला, मग पांढरा धूर आला, मग सगळं थांबलं. मळणीयंत्राचा पट्टा एक गिरकी खाऊन लोंबकळला. ड्रायव्हर उतरला, पाइपचा नट सैल करून हवा काढली, परत चालू केलं. चाललं, आणि बंद पडलं. परत तेच.

"काय पाजलास रे त्याला?" एका म्हातारीनं विचारलं.

"ताडी पाजली असंल," दुसरी म्हणाली.

"छ्या! ताडी सोता प्यायला असंल. त्याला पाणी दिलं असंल."

खळ्यात हशा पिकला. ड्रायव्हर हसला नाही. हात पुसत म्हणाला, "डिझेल पंप गेलाय."

"कुठं गेला? ढाब्यावर?"

आता मात्र हसण्याचा आवाज बदलला होता. मी पेंढ्याच्या ढिगाजवळ उभी होते. त्याच्या बोटांकडे बघत होते, चपलेकडे बघत होते. चप्पल नवी होती. तुम्ही हसाल, पण संशय आला की चप्पलसुद्धा पुरावा होते.

तेवढ्यात शेठ मोटरसायकलवरून हजर. बातमी त्याच्यापर्यंत इतक्या लवकर कशी पोचली, हा प्रश्न मला तेव्हाही पडला आणि अजून सुटलेला नाही. गाडीवरून न उतरताच तो अध्यक्षबाईंना म्हणाला, "काकी, काळजी करू नका, माझा ट्रॅक्टर पाठवतो. पण ड्रायव्हर जरा बघून घ्या. डिझेलात रॉकेल मारलं का पंप असाच जातो. मना काय करायचंय, मी आपलं बोललो." ड्रायव्हर तिथेच इंजिनावर वाकलेला होता. त्याला ऐकू जावं इतक्याच आवाजात हे बोलणं झालं.

संध्याकाळी त्याच खळ्यात सभा बसली. अध्यक्षबाई पन्नाशीच्या पुढच्या, कमी बोलणाऱ्या, बोलल्या की तोडणाऱ्या. त्यांनी हात पुढे केला.

"चावी दे."

ड्रायव्हरनं दिली. बायको बसल्या जागेवरून म्हणाली, "चावी घेतलीत, मंजी चोर ठरवलात ना?"

"ठरवला नाय गो. पंप उघडंल तवा समजंल."

"मंग पंप उघडंल तवाच चावी घ्यायची व्हती."

अध्यक्षबाईंनी चावी कमरेला खोचली. मी फक्त एवढंच म्हटलं, की पंप आपल्या डोळ्यांदेखत उघडला पाहिजे. त्यात ड्रायव्हरची काळजी नव्हती. मला पंप दुरुस्त करणाऱ्यांचाही संशय होता. सगळ्यांचाच होता.

ठरलं असं, की पंपात भेसळीची खूण सापडली तर ड्रायव्हर बंद. त्याच आठवड्यात भट्टीच्या मुकादमाचा टेम्पो पाड्यावर येणार होता. सभा उठत असतानाच ड्रायव्हरच्या बायकोच्या फोनवर मुकादमाचा आवाज ऐकू आला, "जोडी येते का नाय?" ती म्हणाली, "सांगते," आणि आमच्याकडे बघत फोन बंद केला.

सकाळी मुरबाडहून मिस्त्री आला. त्यानं दातेरी चाकावर खुणा केल्या, पाइपांची उघडी तोंडं प्लास्टिकच्या पिशव्यांनी बांधली आणि पंप सोडवून खाली घेतला. फिल्टरही काढून दिला. शहापूरच्या पंप दुरुस्तीवाल्याला दोन्ही दाखवा म्हणाला. अध्यक्षबाईंनी कोयता मागवला आणि टोकानं पंपाच्या अंगावर एक फुली आणि दोन टिंबं खरवडली. त्यांच्या हंड्यावर हीच खूण आहे. टँकरच्या रांगेत हंडे बदलतात, म्हणून पाड्यात प्रत्येक घराची वेगळी खूण असते.

मिस्त्री ओरडला, "अगो काकी, पंप हाय तो, हंडा नाय!"

"हंडे बदलतात तसे पंपपण बदलतात," त्या म्हणाल्या.

जीपमध्ये ड्रायव्हरनं गोणपाटात गुंडाळलेला पंप मांडीवर घेतला होता. अध्यक्षबाईंनी तो काढून स्वतःच्या मांडीवर ठेवला. डिझेल झिरपून लुगड्यावर डाग पडला, तरी त्यांनी तो हलवला नाही. समोर बसलेल्या एका माणसानं विचारलं, "काय कोंबडा का काय?"

"कोंबडा असता तर आरवला असता."

माणूस हसला, मी हसले. ड्रायव्हर बाहेर बघत राहिला. शहापूर येईपर्यंत तो एक शब्द बोलला नाही, आणि मी त्याच्या गप्प बसण्याचाही अर्थ लावत राहिले. निर्दोष माणूस इतका गप्प बसेल का? आता वाटतं, तो बोलला असता तर मी म्हटलं असतं, निर्दोष माणूस इतका बोलेल का?

पंप दुरुस्तीचं दुकान हायवेच्या बाजूला. आत काचेची खोली, खोलीबाहेर चपला काढायच्या, देवळासारख्या. धुळीचा कण आत गेला तर पंप वाया जातो म्हणे. दुकानदार बोलघेवडा, बोटांत अंगठ्या, कानात सतत फोन. पंप हातात घेऊन त्यानं एक नजर टाकली आणि म्हणाला, "हा ठेवून जा. तयार पंप देतो, लगेच घेऊन जा. कशाला थांबताय?"

"हा ठेवून का जायचा?" मी विचारलं.

"एक्स्चेंज असतं ताई. सगळे करतात."

"म्हणजे आमच्या पंपातलं चांगलं ते तुमचं, आणि दुसऱ्याच्या पंपातलं वाईट ते आमचं."

तो अध्यक्षबाईंकडे वळला. "ही वकील काय?"

"नाय. लिवते ती."

"मग तर त्याहून वाईट!" तो म्हणाला. पण पंप उघडायला तयार झाला. आम्हाला आत येऊ देईना, म्हणून आम्ही काचेला नाक लावून उभ्या राहिलो. अध्यक्षबाईंनी स्टूल मागून घेतलं आणि काचेसमोर बैठक मारली. ड्रायव्हर दुकानाबाहेर, पायरीवर.

इंजेक्शन पंपाच्या पोटात बोटाएवढे पोलादी दांडे असतात. ते आपापल्या नळीत वरखाली होतात आणि डिझेल जोरानं इंजिनात ढकलतात. दांडा आणि नळी यांच्यात केस जाईल इतकीही जागा नसते. दुकानदारानं पहिला दांडा ओढला, तो निघेना. दुसरा निघाला, तर त्याच्या अंगावर तांबूस रेघा, कपाच्या तळाशी चहा वाळतो तशा. पंपाचं पोट त्यानं काचेच्या वाटीत उपडं केलं. डिझेलखाली स्वच्छ थेंब गोळा झाले आणि वेगळे राहिले.

"पाणी," तो काचेपलीकडून म्हणाला. मग दार उघडून परत म्हणाला, जणू आम्हाला पहिल्यांदा कळलंच नव्हतं. "पाणी हाय पाणी. गंजून बसलाय सगळा."

अध्यक्षबाई स्टुलावरून उठल्या आणि पायरीपाशी गेल्या. "पाणी कुठून आलं रे?"

"मना काय इचारता?" ड्रायव्हर सकाळपासून प्रथमच बोलला. "कॅन तुमच्या घरात. कुलूप तुमचं. वतणारी तुमची सून."

"दिवसभर टाकी तर तुझ्याच बुडाखाली. काढलंस डिझेल आन तेवढं वतलंस पाणी."

दुकानदारानं लगेच री ओढली, "हां, करतात असं ड्रायव्हर लोक. लेव्हल दिसायला पाहिजे ना."

माझ्या डोक्यात तोवर पत्रक छापून तयार झालं होतं, मथळ्यासकट. खरं सांगते, मला बरं वाटत होतं. पाणी सापडलं, म्हणजे चोर सापडला.

ड्रायव्हर पायरीवरून उठून रस्त्याच्या कडेला गेला आणि आमच्याकडे पाठ करून उभा राहिला.

दुकानदारानं मग फिल्टर कापला. आतल्या कागदाच्या घड्या त्यानं उलगडल्या आणि चिमट्यानं काहीतरी ओढून काढलं. "हे काय? टाकीत गोधडी शिवता का तुम्ही?"

सुताचे धागे होते. हिरवे, आणि त्यांत एखाददुसरा लाल. अध्यक्षबाईंनी हात पुढे करून ते तळहातावर घेतले, आणि मूठ मिटली.

ते धागे मी ओळखले. त्यांच्या दारात दोरीवर एक फडकं वाळत असतं, जुन्या हिरव्या लुगड्याचं, लाल काठाचं. मी ते पाहिलं होतं तेव्हा प्रत्येक वेळी ओलं होतं. त्याकडे दोनदा बघावं असं त्यात काय होतं? ओलं फडकं पाड्यात प्रत्येक दारात असतं.

अध्यक्षबाईंनी मिटलेल्या मुठीकडे पाहिलं, मग रस्त्याकडे. ड्रायव्हरची पाठ अजून आमच्याकडेच होती. त्याला काही दिसलं नव्हतं. दुकानदाराला धाग्यांचा अर्थ कळला नव्हता. मूठ उघडली नसती, धागे गटारात पडले असते, तर गोष्ट तिथेच संपली असती. ड्रायव्हर भट्टीवर गेला असता आणि त्यांच्या घराचं नाव राहिलं असतं. मी त्या मुठीकडे बघत होते. ती उघडेल यावर माझा विश्वास नव्हता, आणि ती नाही उघडली तर मी तोंड उघडेन का, याचीही मला खात्री नव्हती.

त्यांनी दुकानदाराला विचारलं, "डिझेल गाळलं तर त्यात पाणी येतं का?"

"कशानं गाळता त्यावर आहे."

"फडक्यानं. चारपदरी."

"कोरड्या?"

त्यांनी त्याच्याकडे असं पाहिलं, की हा एवढा मोठा दुकानदार आणि याला एवढंही कळू नये. "कोरडं कसं चालंल? कोरड्यातून बारीक माती खाली जाते. भिजवायचं, पिळायचं, मंग तोंडाला बांधायचं. पाणी तसंच गाळतो आमी."

"आणि कॅन?"

"कॅन विसळतो दरवेळी. आमी काय घाणेरड्या हाव?"

सकाळपासून सुरू असलेलं दुकानदाराचं तोंड तेव्हा थांबलं. मग तो इतका मोठ्यानं हसला, की शेजारच्या टायरवाल्यानं डोकावून पाहिलं. आमच्यापैकी कुणी हसलं नाही.

मी हट्टानं विचारलं, "पिळलेल्या फडक्यात असं कितीसं पाणी असतं?" मला अजून तो सुटायला नको होता.

"थोडंच असतं. पण ते तळाशी बसतं ताई, आणि पंप पितो तळातूनच. दरवेळी थोडं थोडं. त्यात विसळलेला कॅन. टाकी खालून कधी मोकळी केली होती?"

कुणी करणार? टाकी धुण्याचं काम डिझेलशी संबंधित, आणि डिझेलला हात लावायला ड्रायव्हरला बंदी. कॅन त्याच्या हातात असता तर फडकं पाहताच तो ओरडला असता. आम्ही त्याला डिझेलपासून लांब ठेवलं आणि पाण्यावर ठेवतो तसा पहारा डिझेलवर लावला. टँकरचं पाणी ओल्या, चारपदरी फडक्यानं गाळा, हे या बायकांना वर्षानुवर्षं सांगितलं गेलं आहे. तशी पत्रकं आमच्याही घरातून वाटली गेली आहेत. पोरांच्या पोटात जाणारं पाणी ज्या मायेनं गाळायचं, त्याच मायेनं त्यांनी डिझेल गाळलं. वाईट हेतू कुणाचाच नव्हता. हेतू वाईट असल्याची खात्री मात्र सगळ्यांना होती, आणि ती एकाच माणसाबद्दल.

अध्यक्षबाई रस्त्यापर्यंत गेल्या आणि त्याच्यासमोर मूठ उघडली. "फडक्यानं झालं रे. आमच्याच."

त्यानं धाग्यांकडे पाहिलं. "मी बोललो व्हतो, कॅन मना द्या म्हणून."

"बोलला व्हतास."

"मंग हे खळ्यात बोला."

"बोलू."

पंपात नवे दांडे पडले. दुकानदारानं तो मशीनवर चढवून चालवला आणि काचेच्या नळ्यांत सारखी पातळी आल्यावर तार ओवून शिशाचं सील ठोकलं. अध्यक्षबाईंनी फुली आणि टिंबं तपासली, दोनदा. पंप आमचाच होता.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीनं टाकीखालचा नट काढला, तेव्हा आधी पाणीच आलं, गढूळ, वाटी भरून. टाकी स्वच्छ झाली, पंप बसला, पाइपांतली हवा काढली, आणि इंजिन लागलं. बायका ओरडल्या. मिस्त्रीनं इकडेतिकडे पाहिलं. "ड्रायव्हर कुठाय?"

ड्रायव्हर घरी होता. अध्यक्षबाई चावी घेऊन त्याच्या दारात गेल्या, मी मागे. आत त्याची बायको भांडी गोणीत भरत होती. मुकादमाचा टेम्पो उद्या सकाळी येणार होता.

"घे. चल, खळी पडल्यात," अध्यक्षबाई म्हणाल्या.

तो उठला नाही. "चावी खळ्यात घेतलीत. देताय घरात."

"आरं, काम तर सुरू कर. सभेचं बघू."

"काम भट्टीवरपण मिळतं, काकी."

आत भांड्यांचा आवाज मुद्दाम वाढला. अध्यक्षबाई दारात उभ्या राहिल्या. त्यांची अडचण मला दिसत होती. खळ्यात बोलायचं म्हणजे स्वतःच्या सुनेचं नाव घ्यायचं, आणि सुनेला ते शिकवणाऱ्या स्वतःचंही. गटातल्या दोघीतिघींनी त्यांना आधीच सांगून झालं होतं, की कशाला वाढवता, ट्रॅक्टर चालू झाला ना. मीही विचार केला, की आपण मधे काही बोलावं. पण त्या परतून चालू लागल्या, आणि जाता जाता प्रत्येक दारात थांबून म्हणाल्या, "खळ्यात या. आता."

खळ्यात सगळे जमले, ड्रायव्हर आणि त्याची बायकोही. अध्यक्षबाईंनी लांबण लावली नाही. "पंपात पाणी निघालं. पाणी आमच्या फडक्याचं आन इसळल्या कॅनचं. गाळलं सुनंनं, शिकवलं मी. ह्यानं कायपण केलेलं नाय. आमी खोटं बोललो."

"पन मंग रॉकेलाचा वास येत व्हता तो?" मागून कुणीतरी विचारलं.

"वास तुझ्या नाकात हाय."

"शेठ तर बोलला..."

"शेठला इचार, त्यानं पंप कदी उघडला व्हता."

ड्रायव्हरची बायको उभी राहिली. "मी पण गटात हाय. माझ्या तोंडावर माझ्या घरवाल्याला चोर बोललात. मना कोण बोलणार?"

अध्यक्षबाई तिच्याकडे वळल्या. "तुला पण बोलते, गो. चुकलं आमचं." आणि चावी त्यांनी त्याच्या नव्हे, तिच्या हातात दिली. तिनं ती नवऱ्याच्या हातात दिली. त्यानं आपली अट सांगितली. कॅन यापुढे त्याच्याकडे राहील. ज्याला बघायचं त्यानं सोबत यावं, आणि रोज सकाळी टाकीखालचा नट जो असेल त्याच्यासमोर उघडला जाईल. मंजूर झालं. पहारा गेला नाही, पण आता तो माणसावर नव्हता, डिझेलवर होता.

सकाळी टेम्पो आला. चार घरं भरली, ड्रायव्हरच्या दारासमोर थांबून हॉर्न वाजवला, आणि गेला.

गोष्ट इथे संपली असती तर मी हे लिहिलंच नसतं.

पाड्याच्या खळ्यातली गोष्ट खळ्यात मिटली, पण ती तोवर जीपमधून, चहाच्या टपरीवरून, बाजारातून पुढे गेली होती. मुरबाडच्या बाजारात एका भाजीवालीनं मला विचारलं, "तुमचा तो रॉकेलवाला ड्रायव्हर, त्याला काढला का?" आजूबाजूच्या गावांतले शेतकरी गटाला फोन करतात आणि म्हणतात, ट्रॅक्टर पाठवा, पण तो माणूस नको. शेठनं हे पसरवलं असा माझा संशय आहे. संशय आहे, पुरावा नाही, म्हणून तो संशय म्हणूनच लिहिते. बाहेरची कामं कमी झाली तशी गटात पुन्हा कुजबुज सुरू झाली आहे. आता चोरीची नाही. "खरं हाय गो, त्यानं कायपण केलं नाय, पन त्याच्यामुळं काम मिळत नाय त्याचं काय?" मुकादमानं परत फोन केला होता. भट्टीवर एक जोडी कमी पडते आहे. पुढचा टेम्पो संक्रांतीनंतर येईल.

म्हणून तुमच्याकडे मागणं आहे. तुम्ही शहापूरचे, मुरबाडचे, आसनगावचे, या रस्त्यावर जीपनं जाणारे-येणारे असाल आणि रॉकेल मारणाऱ्या ड्रायव्हरची गोष्ट तुमच्या कानावर आली असेल, तर ती तुम्ही कुणाला सांगितलीत ते आठवा. त्या माणसाला आज गाठा, लांब असेल तर फोन करा. त्याला सांगा, पंप पाण्यानं गेला, पाणी गटाच्या ओल्या फडक्याचं होतं, आणि त्या डिझेलला ड्रायव्हरचा हातही लागलेला नव्हता. मग त्याला विचारा, त्यानं पुढे कुणाला सांगितलं, आणि त्यालाही हाच फोन करायला लावा. संक्रांतीच्या आत.